हळदीचा आलेख उलटा का वळला: मास्ट पेशींवरील कर्क्युमिनच्या चाचणीचे एक प्रकरण

कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाची, मात्रा ३ वरून १० आणि १० वरून ३० मायक्रोमोलर केली, तसा ॲलर्जीच्या मास्ट पेशींतून होणारा स्राव कमी कमी होत गेला. ५० मायक्रोमोलरला मात्र तो पुन्हा वाढला. कागदावर रोखणुकीची रेघ डोंगर चढून पलीकडे उतरल्यासारखी दिसते. अशा रेघेला फार्मसीच्या प्रबंधांत हमखास एक वाक्य जोडलेले असते: 'जास्त मात्रेत या घटकाचा परिणाम दुहेरी असावा.' हे वाक्य लिहायला सोपे आणि खोडायला अवघड असते. या प्रकरणात तर ते चुकीचेच ठरले असते.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे. नागपुरातली एका फार्मसी महाविद्यालयाची प्रयोगशाळा, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद आणि उंदराच्या जातीतल्या प्राण्याच्या पेशी, एवढे साहित्य. ओडीचे, म्हणजे द्रवाने शोषलेल्या प्रकाशाचे, आकडे हिशोब स्पष्ट व्हावा म्हणून सोपे करून घेतले आहेत, ते कुठल्या छापील अभ्यासातले नाहीत. कृती, प्रमाणे आणि चुकांची कारणे मात्र या चाचणीत रोज वापरात असलेलीच आहेत.

हळदच का

वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या प्रमाणाचा बोलबाला आहे आणि नागपूरहून शेतापर्यंत सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. त्यामुळे विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हा विषय जवळचा वाटतो. शास्त्रीय पायाही आहे. कर्क्युमिन मास्ट पेशींतली सिक नावाची किनेज (पेशीतला संदेश पुढे नेणारे एन्झाइम) रोखते आणि त्यामुळे आयजीई या ॲलर्जीच्या अँटिबॉडीमुळे सुरू होणारा स्राव थांबतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवले गेले आहे. वनस्पतीतल्या रेणूवरून ॲलर्जीचे औषध निघाल्याचे जुने उदाहरणही आहे. अम्मी विस्नागा या वनस्पतीतल्या खेलिनपासून सुरू झालेल्या कामातून रॉजर अल्टुन्यान यांनी १९६५ साली क्रोमोग्लायकेट शोधले. त्यामुळे प्रश्न योग्य होता. घोडे पेंड खात होते ते मोजण्यात.

काय मोजतात

मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर आयजीईचे ग्राहक असतात. त्यांवर आयजीई बसते. मग अँटिजेन, म्हणजे ॲलर्जी जागवणारा पदार्थ, येऊन शेजारच्या दोन-तीन आयजीईंना एकत्र बांधते. त्याबरोबर आत लिन, मग सिक, मग लॅट अशी प्रथिनांची साखळी पेटते, पेशीत कॅल्शियम वाढते आणि कणिका बाहेर रित्या होतात. कणिकांत हिस्टामिन असते, तसेच बीटा-हेक्सोसामिनिडेज नावाचे एन्झाइमही असते. हिस्टामिन मोजणे महाग पडते, एन्झाइम स्वस्तात मोजता येते. दोन्ही एकाच कणिकेतून येत असल्याने एन्झाइम किती बाहेर आले यावरून पेशी किती रिती झाली ते कळते.

पेशी आरबीएल-२एच३ या वंशाच्या. मुळात त्या उंदराच्या जातीतल्या रॅटच्या बेसोफिलिक ल्युकेमियातून आलेल्या आहेत. त्यांच्यावर रॅटचे आणि माऊसचे आयजीई बसते, माणसाचे बसत नाही. एखाद्या रुग्णाचा सीरम घालून 'गाजरगवताची ॲलर्जी तपासली' असे या साध्या पेशींवर म्हणताच येत नाही. त्यासाठी मानवी ग्राहक घातलेले वेगळे वंश लागतात. शिवाय गाजरगवताने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हातापायांवर उठणारा चट्टा हा बहुतेकदा टी पेशींच्या उशिराच्या प्रतिक्रियेचा असतो. नाक गळणे, शिंका आणि डोळ्यांची खाज हा आयजीईचा प्रांत आहे. प्रस्तावनेत दोन्ही एकत्र कालवलेली प्रबंधिका परीक्षक तिथेच धरतात आणि ते योग्यच करतात.

प्रयोगाची मांडणी

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला २ लाख पेशी, ५०० मायक्रोलीटर माध्यमात. माध्यमातच अँटी-डीएनपी आयजीई (डीएनपी या लहान रेणूला पकडणारी) १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर घालून रात्रभर ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मोकळी आयजीई दोनदा धुऊन काढायची. ही धुणी अर्धवट राहिली तर वेलमध्ये तरंगणारी आयजीईच अँटिजेनला पकडून बसते आणि स्राव कमी दिसतो.

धुण्यासाठी आणि पुढच्या कामासाठी पाइप्स बफर. एक लिटरला पाइप्स ७.५६ ग्रॅम, सोडियम क्लोराइड ६.९५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.०८ ग्रॅम, ग्लुकोज १ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड १.६ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.१४७ ग्रॅम आणि बोव्हाइन अल्ब्युमिन १ ग्रॅम. पीएच ७.२. पाइप्सची पूड साध्या पाण्यात पांढरीच राहते, सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावरच विरघळते. ती न विरघळण्याला घाबरून पाणी गरम करण्याची गरज नाही. कॅल्शियम सगळ्यात शेवटी घालायचे. ते राहून गेले तर सगळी प्लेट शांत राहते आणि प्रत्येक औषध गुणकारी वाटते.

धुतल्यावर वेलमध्ये ३६० मायक्रोलीटर बफर, त्यात हवी ती मात्रा. त्यानंतर ४० मायक्रोलीटर दहापट तीव्रतेचे डीएनपी-बीएसए (डीएनपी जोडलेले अल्ब्युमिन, हाच इथला अँटिजेन), म्हणजे शेवटी ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. या ४० मायक्रोलीटरमध्येही तितकेच कर्क्युमिन मिसळलेले हवे, नाहीतर अँटिजेन पडताच औषध एक दशांशाने पातळ होते. ३० मिनिटे ३७ अंशांवर, मग प्लेट १० मिनिटे बर्फावर. वरचा द्रव काढून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये ५ मिनिटे फिरवायचा, कारण सुटलेली एक पेशीही पुढे फुटून आकडा वाढवते. तळाच्या पेशींवर ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० घातलेले ४०० मायक्रोलीटर बफर घालून त्या फोडायच्या.

वरच्या द्रवाचे ५० मायक्रोलीटर आणि फोडलेल्या पेशींचे ५० मायक्रोलीटर ९६ वेलच्या प्लेटमध्ये घ्यायचे. त्यात पी-नायट्रोफिनाइल-एन-ॲसिटाइल-बीटा-डी-ग्लुकोसामिनाइड, ज्याला सगळे पीनॅग म्हणतात आणि जे या एन्झाइमने तुटून पिवळा रंग देते, ते ५० मायक्रोलीटर. १० मिलि साठी ३.४ मिलिग्रॅम, ०.१ मोलर सायट्रेट, पीएच ४.५. तासभर ३७ अंशांवर ठेवून पीएच १० चे ०.१ मोलर कार्बोनेट-बायकार्बोनेट २०० मायक्रोलीटर घातले की पिवळा रंग खुलतो. वाचन ४०५ नॅनोमीटरवर.

स्रावाची टक्केवारी म्हणजे वरच्या द्रवाचा आकडा भागिले वरचा द्रव अधिक पेशी, गुणिले १००. नुसत्या अँटिजेनच्या वेलमध्ये ४० टक्के आणि अँटिजेन न घातलेल्या वेलमध्ये ४ टक्के आले. प्लेट सुदृढ आहे. अँटिजेनचा स्राव ३० टक्क्यांच्या खाली गेला किंवा आपोआपचा स्राव ८ टक्क्यांच्या वर गेला तर ती प्लेट मोजणीत धरू नये. असे झाले तर बहुतेकदा पेशींच्या पिढ्या फार पुढे गेलेल्या असतात.

पहिला संशय अँटिजेनवर

आरबीएल पेशींत घंटेच्या आकाराची रेघ खरीखुरीही मिळते, पण ती अँटिजेनच्या मात्रेची. डीएनपी-बीएसए फार झाले की प्रत्येक आयजीईला आपापला रेणू मिळतो, बांधणी सुटते आणि स्राव घटतो. चाचणी या उताराच्या बाजूला चालू असेल तर औषधाने बांधणी थोडी कमी केली तरी स्राव वाढलेला दिसू शकतो. म्हणून आधी अँटिजेनची रेघ, १ पासून १००० नॅनोग्रॅमपर्यंत. या प्रकरणात ५० नॅनोग्रॅम चढणीच्या बाजूला होते. संशय मिटला.

आयजीईचाही एक खोडसाळ प्रकार आहे. एसपीई-७ नावाचा क्लोन अँटिजेनशिवायही पेशींना थोडेफार चेतवतो. आपोआपचा स्राव ४ टक्के असल्याने इथे ती भीती नव्हती, पण बाटलीवरचे क्लोनचे नाव वहीत लिहून ठेवायला हवे. ते लिहिलेले नसले की सहा महिन्यांनी नवी बाटली आल्यावर आकडे का बदलले याचा उलगडा होत नाही.

मेख रंगात होती

कर्क्युमिन पिवळे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. चाचणीचा निकालही पिवळ्या रंगावरच वाचला जातो हेही ठाऊक असते. तरी दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून हिशोब क्वचितच केला जातो.

तो असा. ५० मायक्रोमोलरच्या वेलमधले ५० मायक्रोलीटर शेवटी ३०० मायक्रोलीटरमध्ये जातात, म्हणजे ८.३ मायक्रोमोलर उरते. मिथेनॉलमध्ये कर्क्युमिनचे सर्वाधिक शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि तिथला मोलर गुणांक ५०,००० च्या पुढे जातो. पीएच १० ला रंग तांबूस होतो, शिखर पुढे सरकते आणि ४०५ वरचे शोषण कमी होते. सावधपणे २०,००० धरू. ३०० मायक्रोलीटरच्या वेलमध्ये प्रकाशाची वाट सुमारे ०.९ सेंटिमीटर. गुणाकार केला की ०.१५ ओडी येते, एन्झाइमचा एक रेणूही नसताना! ३० मायक्रोमोलरला ०.०९, १० ला ०.०३.

आता हे आकडे घालून बघू. 'कच्चा' म्हणजे नेहमीचा ब्लँक (नमुना नसलेल्या वेलचे वाचन) वजा केलेला पण कर्क्युमिनचा रंग वजा न केलेला.

| कर्क्युमिन (मायक्रोमोलर) | वरचा द्रव, कच्चा | पेशी | कच्ची रोखणूक | रंग वजा केल्यावर द्रव | खरी रोखणूक |
|---|---|---|---|---|---|
| ३ | ०.३०९ | ०.७० | २६% | ०.३० | २८% |
| १० | ०.२३ | ०.८० | ४९% | ०.२० | ५६% |
| ३० | ०.१९ | ०.९० | ६३% | ०.१० | ८३% |
| ५० | ०.२९ | ०.७६ | ३४% | ०.१४ | ६८% |

रोखणूक मोजताना ४० मधून त्या वेलचा स्राव वजा करून ३६ ने भागले आहे, म्हणजे आपोआपचे ४ टक्के बाजूला काढले आहेत. ते न काढता ४० ने भागणारे बरेच असतात. मग पूर्ण रोखणाऱ्या औषधालाही १०० टक्के कधी मिळत नाहीत.

तक्त्यातली एक गोष्ट मुद्दाम बघण्यासारखी आहे. निम्मी रोखणूक करणारी मात्रा कच्च्या आकड्यांवरून ११ मायक्रोमोलरच्या जवळ येते, दुरुस्त आकड्यांवरून ८ च्या जवळ. फरक इतका थोडा की दोन्ही छापून जातील. चूक लपते ती याचमुळे. ती उघडी पडते फक्त वरच्या टोकाला, आणि तिथे 'दुहेरी परिणाम' असा खुलासा तयार असतो.

रंगाचा ब्लँक कसा लावायचा यातही चुका होतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये ताजे कर्क्युमिन घालून रंग मोजला आणि तो वजा केला, तर रंग प्रमाणाबाहेर वजा होतो. खऱ्या वेलमध्ये काही कर्क्युमिन पेशींत शिरलेले असते, काही प्लॅस्टिकला चिकटलेले असते, काही अर्ध्या तासात विघटित झालेले असते. हमखास उपाय म्हणजे जोड-वेल. प्रत्येक द्रवाचे दोन वाटे करायचे. एकाला पीनॅग, दुसऱ्याला नुसते सायट्रेट. दोघांना तोच तास, तेच तापमान, तेच कार्बोनेट. पहिल्यातून दुसरा वजा केला, आणि पीनॅगचा स्वतःचा ब्लँकही काढला, की उरते ते एन्झाइम. फोडलेल्या पेशींनाही हेच करायचे, कारण पेशींनी प्यायलेले कर्क्युमिन ट्रायटनने बाहेर येते. प्लेट दुप्पट लागतात, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

रंगाच्या कटकटीला कंटाळून कोणी चमकणारा पदार्थ वापरायला सुचवते: ४-मेथिलअंबेलिफेरिल जोडलेला, ३६० वर उजळवून ४५० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. इथे सावध राहावे. कर्क्युमिन नेमका त्या पट्ट्यातला प्रकाश शोषते, म्हणून चमक घटते आणि स्राव आहे त्यापेक्षा कमी दिसतो. पीनॅगमध्ये औषध कमी गुणकारी दिसत होते, इथे ते आहे त्यापेक्षा जास्त गुणकारी दिसेल. आणि आपल्याला हवी ती चूक कोणी तपासत नाही.

आणखी एक शक्यता तपासायची असते: औषध स्राव न रोखता थेट एन्झाइमलाच रोखत असेल तर? औषध न लावलेल्या पेशी फोडून त्यांच्या द्रवात कर्क्युमिन घालायचे, पीनॅग घालायचे, जोड-वेलनिशी वाचायचे. आकडा तसाच राहिला तर एन्झाइम मोकळे आहे. या प्रकरणात तो तसाच राहिला.

५० ला उरलेली घट

रंग वजा केल्यावरही ८३ वरून ६८ ही उतरण उरते. पेशींचा आकडाही ०.९० वरून ०.७६ वर आला आहे. हे दुसरेच दुखणे आहे. वेल सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तळाशी केशरी कण आणि सुयांसारखे स्फटिक दिसतात, आणि त्यांच्या आसपासच्या पेशी गोल होऊन सुटलेल्या. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. ५० मायक्रोमोलर हे बाटलीवर लिहिलेले प्रमाण होते, पेशींना मिळालेले नव्हे. मरणारी पेशी एन्झाइम गाळते आणि ते स्रावात मोजले जाते.

पेशी मेल्या का हे बघायला एमटीटी चाचणी (जिवंत पेशी या रंगद्रव्याला जांभळे करतात) करतात आणि पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात. कर्क्युमिनसारखे ऑक्सिडीकरणरोधक रेणू पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात. त्यामुळे मेलेल्या पेशींची प्लेटही जिवंत दिसते. पेशीविना, फक्त कर्क्युमिन आणि एमटीटीचा वेल लावला की हे लगेच उघड होते. एलडीएच या पेशीतल्या एन्झाइमची गळती मोजणे त्यापेक्षा बरे, तेही रंगाच्या जोड-वेलसह. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच चढणारा निळा रंग) आणि डोळे हे जुने साधन अजूनही सगळ्यात प्रामाणिक आहे.

निर्णय साधा: ३० मायक्रोमोलरच्या वरचे आकडे आलेखात घ्यायचे नाहीत, आणि का घेतले नाहीत ते स्पष्ट लिहायचे.

कर्क्युमिन विरघळवायला वापरलेल्या डीएमएसओनेही थोडी भर घातली होती. एकाच ५० मिलिमोलर साठ्यातून कमी-जास्त घेतले की ५० च्या वेलला ३ च्या वेलपेक्षा सतरापट डीएमएसओ जाते. प्रत्येक मात्रेचा वेगळा, हजारपट साठा करायचा: ३, १०, ३० मिलिमोलर. मग सगळीकडे ०.१ टक्काच डीएमएसओ राहते आणि नियंत्रण वेललाही तेवढेच देता येते. कर्क्युमिनचा रेणूभार ३६८.४, म्हणून १० मिलिग्रॅम ९०५ मायक्रोलीटर डीएमएसओमध्ये म्हणजे ३० मिलिमोलर.

औषध किती वेळ औषध राहते

सीरम नसलेल्या पीएच ७.२ च्या बफरमध्ये ३७ अंशांवर कर्क्युमिनचा बहुतेक भाग अर्ध्या तासात संपतो. हे १९९७ पासून माहीत आहे. सीरम किंवा अल्ब्युमिन असले की ते बरेच टिकते. म्हणून वर सांगितलेले एक ग्रॅम अल्ब्युमिन सोडू नये, आणि ते काही कर्क्युमिनला बांधूनही ठेवते हे निष्कर्षात मोजावे. औषध लावून तासभर 'मुरवत' ठेवण्याची पद्धत इथे नुकसानीची. १० मिनिटे पुरेत. बफरमधले द्रावण अँटिजेन घालण्याच्या वेळी ताजे करावे, सकाळी करून दुपारी वापरू नये. नळी फॉइलमध्ये गुंडाळलेली असावी, कारण प्रकाशानेही ते खराब होते.

कोणता टप्पा रोखला

स्राव थांबला एवढ्यावरून 'सिक रोखली' म्हणता येत नाही. अँटिजेनऐवजी कॅल्शियम थेट आत ओतणारे आयनोफोर, ए२३१८७ किंवा आयनोमायसिन, देऊन तीच चाचणी करावी. कर्क्युमिनने अँटिजेनचा स्राव रोखला आणि आयनोफोरचा रोखला नाही, तर अडथळा कॅल्शियमच्या आधीच्या टप्प्यावर आहे. दोन्ही रोखले तर कणिका बाहेर पडण्याच्या शेवटच्या टप्प्यावर किंवा पेशीच्या एकूण तब्येतीवर परिणाम आहे. त्यानंतर फॉस्फो-सिक आणि फॉस्फो-लॅटचे (फॉस्फेट जोडून सक्रिय झालेल्या सिक-लॅटचे) वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणारी चाचणी. अँटिजेन दिल्यापासून २ ते ५ मिनिटांत पेशी फोडाव्यात. अर्ध्या तासाने घेतलेल्या नमुन्यात फॉस्फरीकरण ओसरलेले असते आणि सगळ्या पट्ट्या सारख्या दिसतात.

तुलनेला क्रोमोग्लायकेट घेण्याचा मोह टाळावा. ते माणसांत वापरले जाणारे औषध खरे, पण आरबीएल पेशींवर त्याचा परिणाम जेमतेम दिसतो. 'आमची हळद क्रोमोग्लायकेटपेक्षा सरस' असे वाक्य त्यामुळे फुकटात मिळते आणि ते फसवे असते. क्वेर्सेटिन (वनस्पतींतला एक रेणू) बरे. तेही रंगीत आहे, अल्कलीत अधिकच पिवळे होते. जोड-वेल त्यालाही लावावा.

कच्चा माल

बाजारातले ९५ टक्क्यांचे कर्क्युमिन म्हणजे तीन भावंडांचे मिश्रण असते: बहुतांश कर्क्युमिन, त्याखालोखाल डिमिथॉक्सी, थोडेसे बिसडिमिथॉक्सी. इतक्या मायक्रोमोलरला इतका परिणाम, असे लिहायचे असेल तर शुद्ध रेणू घ्यावा किंवा तिघांचे प्रमाण एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) ठरवावे. सी-१८ कॉलमवर ४२५ नॅनोमीटरला बिसडिमिथॉक्सी आधी येते, कर्क्युमिन शेवटी. पातळ थराच्या प्लेटवर क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५:५ मध्ये उलट, कर्क्युमिन सगळ्यात वर.

वायगाव हळदीचाच अर्क घ्यायचा असेल तर शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडे घ्यावीत. दळलेली पूड घेऊ नये. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळले जाते, कधी हळकुंडाच्या पॉलिशमध्येही. क्रोमियमने मेलेल्या पेशी हळदीच्या नावावर खपतात. ती हळकुंडे स्वतः दळून केलेल्या ५० ग्रॅम पुडीतून सॉक्सलेटमध्ये आधी हेक्झेनने तेल काढावे. तेलातले टर्मेरोन त्यात जातात. मग एथिल ॲसिटेटने कर्क्युमिनॉइड काढून रोटरीवर ४५ अंशांच्या आत आटवावे. अर्कात ३० टक्के कर्क्युमिनॉइड भरले, तर १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर म्हणजे सुमारे ८ मायक्रोमोलर. हे रूपांतर न करता '१०० मायक्रोग्रॅमला उत्तम परिणाम' लिहिले जाते, तेव्हा वाचकाने ८० मायक्रोमोलर वाचावे आणि वरचे स्फटिक आठवावेत.

सायटोकाइन (पेशींचे संदेशरेणू) मोजायची असतील तर अर्कातल्या एंडोटॉक्सिनची चाचणी आधी. कंद जमिनीत वाढतो, जिवाणूंचे अवशेष त्याच्यासोबत येतातच.

नागपूरचे हवामान

मे महिन्यात 'खोलीच्या तापमानाला' ही सूचना इथे निरर्थक आहे. बाहेर ४५ अंश आणि आत वीज गेलेली असेल तर टेबलावरचे बफर पेशींपेक्षा गरम होते. धुण्याचे बफर पाण्याच्या बाथमधून ३७ अंशांवरच घ्यावे. त्याहून मोठा धोका कूलरचा. वाळ्याच्या किंवा गवताच्या ओल्या पडद्यातून येणारी हवा बुरशीचे बीजाणू आणते, आणि कल्चर रूमच्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात लावलेला कूलरही पुरेसा असतो. उन्हाळ्यात फ्लास्कमध्ये तिसऱ्या दिवशी तरंगणारा पांढरा पुंजका दिसला तर इन्क्युबेटरआधी तो कूलर बघावा. डिसेंबरमध्ये उलट अडचण. डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठते, त्यामुळे सकाळी साठ्याची नळी घट्ट झालेली असते. अर्धवट वितळलेल्या नळीतून घेतलेले १ मायक्रोलीटर कधी फिकट, कधी गडद निघते आणि तीन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. नळी पूर्ण वितळवून, व्होर्टेक्स करूनच घ्यावी.

या आकड्यांवरून काय म्हणता येते

म्हणता येते ते असे: ३ ते ३० मायक्रोमोलर कर्क्युमिन आरबीएल-२एच३ पेशींचा आयजीईमार्फत होणारा स्राव मात्रेनुसार रोखते, निम्मी रोखणूक ८ मायक्रोमोलरच्या आसपास, आणि त्या मात्रांना पेशी जिवंत असतात. हा दावा लहान आहे, पण पक्का आहे.

हळद खाल्ल्याने सर्दी-शिंकांची ॲलर्जी जाते, हे यातून निघत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत दिवसाला तब्बल ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिल्यावरही रक्तातले सर्वोच्च प्रमाण सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या जवळ होते. आतड्यात आणि यकृतात त्याला लगेच ग्लुकुरोनाइड जोडले जाते आणि ते बाहेर पडते. मिरीतले पायपेरिन दिले की शोषण कितीतरी वाढते, पण पायपेरिन इतर औषधांचे विघटनही रोखते. हळदीच्या दाट पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीतून आणि अमेरिकेतून आल्या आहेत. कर्क्युमिनमुळे त्वचेची संपर्क-ॲलर्जी होते हेही नोंदलेले आहे. दम्याचा पंप किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडून कॅप्सूल घेणाऱ्या माणसाला पेशींच्या प्लेटवरचा आलेख दाखवणे घातक आहे, आणि महाविद्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकात तसे सुचवणेही.

पुढची पायरी माणसाच्या पेशींची. रुग्णांच्या संमतीने आणि नैतिकता समितीच्या परवानगीने हेपरिनमध्ये घेतलेल्या ताज्या रक्तावर बेसोफिल (मास्ट पेशींसारख्याच रक्तातल्या पेशी) सक्रियता चाचणी करता येते. सक्रिय बेसोफिलवर सीडी६३ नावाचे प्रथिन उघडे पडते आणि ते फ्लो सायटोमीटरवर मोजतात. कर्क्युमिन निळ्या लेझरने उजळून हिरव्या चॅनेलमध्ये चमकते, म्हणून सीडी६३ची अँटिबॉडी एफआयटीसी या हिरव्या चमकद्रव्याची घेऊ नये, लाल लेझरवर वाचली जाणारी एपीसीची घ्यावी. आणि एक नळी अशी ठेवावी जिच्यात कर्क्युमिन आहे पण अँटिबॉडी नाही.